हिरव्या पडद्यातलं काज

टेलर मास्तरांना कुणी कापडातलं काही शिकवायला गेलं की त्यांचं डोकं फिरायचं. कोट असो, गादीची खोळ असो, नाहीतर ट्रकची ताडपत्री असो, गिऱ्हाइकाने काय हवं तेवढं सांगावं आणि बाकावर गप्प बसावं, असा त्यांचा कायदा. त्यामुळे वनखात्याच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा दुकानात आल्या आणि टीप कशी हवी हे समजावून सांगायला लागल्या, तेव्हा मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गळ्यातली टेप काढून काउंटरवर ठेवली. ही खूण घरच्यांना चांगली ठाऊक होती. आतल्या खोलीत काज-बटणं करत बसलेली त्यांची बहीण लगबगीने बाहेर आली आणि बाईंच्या पुढ्यात चहाचा कप ठेवून तिने कशीबशी वेळ मारून नेली.

काम होतंही तसंच चमत्कारिक. बाईंना कापडाच्या भिंती शिवून हव्या होत्या.

डोंगरापलीकडच्या जंगलात थोडे वाघ उरले होते, पण त्यांना खायला काही उरलं नव्हतं. हरणं होती ती माणसांनीच मागच्या पिढीत मारून फस्त केली. आता एक वाघीण दोन पिल्लं घेऊन वस्तीतल्या वासरांवर दिवस काढत होती, आणि ज्यांची वासरं जात होती ती माणसं काही हात जोडून बसणार नव्हती. अलीकडच्या सपाटीवर कुंपण घातलेल्या राखीव रानात मात्र हरणंच हरणं. चारा संपला म्हणून झाडांच्या साली खाणारी. तेव्हा इथली हरणं उचलून तिथे नेऊन सोडायची, म्हणजे वाघीण जंगलात राहील आणि वासरं गोठ्यात राहतील. इतका साधा हिशेब, पण हरीण उचलायचं कसं? दोरी टाका, जाळं टाका, नाहीतर चार माणसांनी धरा, ते हातातल्या हातात भीतीने मरतं.

म्हणून कापड. माळावर नरसाळ्यासारख्या दोन लांबच लांब हिरव्या कनाती उभ्या करायच्या, तोंड रुंद, पुढे अरुंद होत जाणाऱ्या. शेवटी वरूनही कापडाने झाकलेली अंधारी गल्ली आणि गल्लीच्या टोकाला ट्रक. कळप हळूहळू हाकत आणायचा आणि तो आपल्या पायांनी ट्रकमध्ये चढतो. कुणी त्याला हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही. हरणाला कापड हे कापड वाटत नाही, भिंत वाटते. धडक दिली तर फाटेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

"पण कुठे उजेडाची फट दिसली, की त्याला तीच वाट वाटते," बाई म्हणाल्या. "विशेषतः त्या अंधाऱ्या गल्लीत. सगळा कळप तिकडे धावतो. टाचणीएवढा उजेडसुद्धा चालायचा नाही, मास्तर."

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात घातली. माझ्या शिवणीतून पाणी जात नाही, उजेड कुठून जाईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी काम घेतलं.

शिवलेलं कापड राखीव रानातल्या बाईंच्या तळावर पोचवायला त्यांचा मुलगा गेला आणि तो तिथलाच झाला. या मुलाला सगळे उंट म्हणायचे, बापासकट. उंचीच तशी. शिलाईच्या मशीनवर बसला की गुडघे वर टेबलाला आपटायचे आणि तोंडातून शिव्या बाहेर पडायच्या. मास्तरांनी त्याला वळण लावायला जंग जंग पछाडलं होतं, पण त्याने शिवलेल्या पँटचा एक पाय दुसऱ्याशी कधी बोलला नाही. तळावर त्याने कनाती उभ्या राहताना पाहिल्या, त्यातले पडदे ओढणाऱ्या पडदेवाल्यांची पळापळ पाहिली, आणि घरी येऊन जाहीर केलं की आपण आता हेच काम करणार.

मास्तरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सगळा कारभार बहिणीमार्फत. त्याला सांग, टेलरचा मुलगा पडदे ओढतो म्हणून लोक हसतायत. त्यावर उंट ताटावरूनच आत्याला सांगायचा, त्यांना सांग, बाप शिवतो आणि मुलगा ओढतो, धंदा घरातल्या घरातच राहिला. आत्या दोघांनाही, माझी जीभ भाड्याने दिली आहे का, असं विचारून आत निघून जायची. शेवटी मास्तरांनाच हसू आलं आणि प्रकरण मिटलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं. मुलगा पहिल्यांदा कुठल्या कामावरून हसत घरी येत होता. संध्याकाळी तळाचा ट्रक दुकानासमोरून जाताना ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचा, मागे बसलेले पडदेवाले उंटाच्या नावाने ओरडायचे, आणि मास्तर 'काय ही कार्टी' असं म्हणत दारात जाऊन उभे राहायचे.

पडदेवाल्याचं काम असं. नरसाळ्यात थोड्या थोड्या अंतरावर तारेला एकेक पडदा लावलेला असतो. तो ओढणारा माणूस कनातीच्या बाहेरच्या अंगाला, कापडाच्या एका घडीत उभा असतो. त्याला आतलं काहीही दिसत नाही. खुरांचा आवाज येतो तेवढाच. कळप पुढे गेला की लांब मचाणावरून भोंगा वाजतो आणि मग याने जिवाच्या आकांताने पडदा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं, म्हणजे कळपाला मागे फिरता येत नाही. उंटाचे पाय सगळ्यांत लांब, म्हणून त्याला शेवटचा पडदा दिलेला, अंधाऱ्या गल्लीच्या तोंडाशी.

एका खेपेला भोंगा वाजला, उंट पळाला, पण कळपातला एक नर मधेच मागे वळला होता. दोघांची ऐन मध्यावर गाठ पडली. शिंगाचं टोक बरगडीखालून सर्रकन गेलं. जखम खोल नव्हती. उंट घरी आला तोच विनोद करत, की बाबा, मला बाजूला फाटलंय, जरा टीप मारा. मास्तरांनी त्याचा शर्ट वर केला, ते टाके पाहिले, आणि शर्ट तसाच हातात धरून उभे राहिले. आई नसलेलं पोर. त्याला काही झालं तर पुढे करायचं काय, हा विचार ते मनात पुरता येऊही द्यायचे नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ते तळावर जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटले. शेवटच्या पडद्यापाशी मुलाला आत बघता येईल एवढं एक भोक ठेवू द्या, म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणून सांगितलं. भोंगा वाजवणाऱ्याला आपण जास्त उंचावर बसवू, पण भोक नाही. मास्तर घरी आले ते वाटभर पुटपुटतच. कालपर्यंत यांना टीप आणि टाका यातला फरक माहीत नव्हता, आणि आता यांनी मला सांगायचं कापडातून उजेड कसा जातो ते.

आणि मग त्यांनी ते केलं. पुढच्या खेपेसाठी कापड दुरुस्तीला आलं होतं. शेवटच्या पडद्याजवळची, अंधाऱ्या गल्लीची भिंत त्यांनी शोधून काढली. उंटाच्या डोळ्यांची उंची त्यांना मोजावी लागली नाही. तिथे त्यांनी बोटभर चीर घेतली. कापलेली कड तशीच सोडून देणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं, धागे सुटले असते, म्हणून त्यांनी तिला कोटाच्या काजासारखा टाका घातला. दुकानातली काजं सगळी बहीण करायची. मास्तरांचं काज म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं, पण इथे कोण बघायला येतंय? वरून त्यांनी खिशाला असतं तसं झाकण शिवलं. झाकण पाडलेलं असलं की मिट्ट अंधार. त्यांनी दोन-तीनदा पारखून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

उंटाला त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं. तो गंभीर झाला. शिवून टाका बाबा, बाईंनी नको म्हणून सांगितलंय, म्हणाला.

"बाईंचा मुलगा उभा असतो का तिथे?" मास्तर म्हणाले. "सगळी जनावरं पुढे गेली का, एकदा झाकण वर करून बघायचं आणि मग पळायचं. एवढंच. माझी शपथ आहे तुला."

उंटाने बापाकडे पाहिलं, हसला, आणि बरं म्हणाला.

ती खेप पाहायला मास्तर गेले नव्हते. ते दुकानात कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. जीपच्या ड्रायव्हरने येऊन सांगितलं ते एवढंच, की चला. बाकीचं त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. कळप अगदी शहाण्यासारखा आला होता. गल्लीत शिरला होता. पुढची हरणं ट्रकच्या फळीवर पाय ठेवणार, एवढ्यात सगळी एकदम बाजूच्या भिंतीकडे वळली, एकाच जागी. कनात वाशांसकट खाली आली आणि तिच्याखाली उंट होता. अख्खा कळप त्याच्या अंगावरून गेला. किती तरी हरणांच्या माना तिथेच मोडल्या, आणि जी कशीबशी पकडून ट्रकमध्ये घातली ती डोंगर चढायच्या आत भीतीने मेली.

उंट वाचला. पाठीचा कणा मात्र वाचला नाही. कमरेखाली आता काही उरलेलं नाही, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी मास्तरांना जिन्यात उभं करून सांगितलं.

तो बोलायच्या अवस्थेत आल्यावर डॉक्टरीणबाई आणि तळाचा मुकादम त्याला भेटायला आले. फाटलेल्या कापडात त्या जागी एक भोक होतं, असं मुकादम म्हणाला. चिखलात तुडवलेलं, पण होतं. ते कुणी केलं? मास्तर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांचं तोंड उघडलंही होतं.

"मी केलं," उंट म्हणाला. "ब्लेडने. मला बघायचं होतं."

मास्तरांनी तोंड मिटलं. का, ते त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. ते भ्याले. मुकादमाला भ्याले, बाईंना भ्याले, आणि सगळ्यांत जास्त, आपण हे मोठ्याने बोललो तर ते खरं होईल याला भ्याले. मुकादमाने एक शिवी हासडली आणि बाई त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या.

आतली खोली लहान, म्हणून उंटाची खाट दुकानातच टाकली, खिडकीशी. बाप मशीन चालवायचा आणि मुलगा पडून रस्ता बघायचा. आधी घोळक्याने येणाऱ्या पडदेवाल्यांपैकी एकही फिरकला नाही. उंटाने सगळ्यांना फसवलं, असं ते म्हणत होते. घडीत उभा राहणारा प्रत्येक जण आंधळा असतो आणि सगळे मिळून एकाच भोंग्यावर भरवसा ठेवतात. यानेच चोरून डोळा लावला.

मुकादम तेवढा एकदा आला. आत यायला नको म्हणाला आणि दारातूनच बोलला. हरणं पोचली नाहीत, वाघीण पुन्हा वासरांकडे उतरली, आणि कुणीतरी मेलेल्या वासरात विष भरून ठेवलं. ती त्या वासराशेजारीच पडलेली सापडली. एक पिल्लू हाताला लागलं, ते आता पिंजऱ्यात आहे, जन्मभर तिथेच राहील. दुसऱ्याचा पत्ता नाही. आईशिवाय ते किती दिवस काढणार?

"तुझ्या एका ब्लेडपायी," तो म्हणाला आणि निघून गेला.

मास्तर सुईत दोरा ओवत होते. ते ओवतच राहिले. दोरा आत जाईना.

घरात आत्याची जीभ चालूच होती. ती उंटाचं सगळं करायची. अंग पुसायची, कूस बदलायची, ताट पुढ्यात आणून ठेवायची, आणि करता करता त्याला घालून पाडून बोलायची. पोटातली माया तोंडातून तिखट होऊनच बाहेर पडायची तिची. कात्रीच्या घरात जन्मलास आणि ब्लेड कुठून सुचलं रे तुला? स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं केलंस, बापाचं म्हातारपण नासवलंस, मुक्या जनावरांचे तळतळाट घेतलेस. उंट हूं हूं करायचा. कधी म्हणायचा, आत्या, पाणी गरम आहे, तुझ्या बोलण्यासारखं. आणि मास्तर मशीनचं चाक जोरात फिरवायचे, म्हणजे आवाजात काही ऐकू येऊ नये.

संध्याकाळी ट्रक जायचा. हॉर्न न देता. उंट मान उचलून ऐकायचा. क्लच गेलाय त्यांचा, म्हणायचा, चढावर बोंब होणार.

अशाच एका संध्याकाळी मास्तरांना राहवलं नाही. खाटेशी स्टूल ओढून ते बसले आणि म्हणाले, मी उद्या जाऊन सांगतो. उंटाने त्यांचा हात धरला. त्याचे हात अजून मजबूत होते.

"काही सांगू नका, बाबा. माझे पाय गेले ते गेले. तुमचे हात तरी राहू देत. हे कळलं तर तुमच्याकडून साधं फडकं कुणी शिवून घेणार नाही."

मास्तरांना रडू आलं, आणि खोटं कशाला बोला, त्या रडण्यात थोडं हायसंही वाटलं होतं. त्या रात्री त्यांना झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर आपल्याला झोप लागली याची त्यांना किळस आली. पण दिवस जात राहिले. आज नको, उद्या. गिऱ्हाईक बसलंय. पाऊस आहे. माणूस स्वतःला किती कारणं देऊ शकतो!

मग डॉक्टरीणबाई आल्या. खूप वाळल्या होत्या. काम बंद पडलं होतं ते पुन्हा सुरू करायला मंजुरी मिळाली होती. त्या डोंगरात अजून दोन-तीन वाघ असावेत, ठसे सापडले होते. त्यांच्यापर्यंत तरी हरणं पोचवायची. जुन्या कापडातलं धड असेल ते वापरायचं, बाकी नवं शिवायचं. एवढं लांब आणि जाड काम दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. बाईंनी उंटाच्या खाटेकडे पाहून मान हलवली, उंटानेही हलवली. जुन्या कापडाचे गठ्ठे दुकानात आणून टाकले गेले.

गठ्ठे सोडायला आत्या बसली. वाळलेला चिखल झटकायचा, फाटकं वेगळं काढायचं. मास्तर समोर कापड बेतत होते, उंट डोळे मिटून पडला होता. एकदम आत्याचं झटकणं थांबलं.

तिच्या हातात एक तुकडा होता. एका बाजूने फाटून लोंबत असलेला, वरचं झाकण उसवून गेलेलं, पण चीर शाबूत. चिखलाचा थर अंगठ्याने खरवडला तसा खालून टाका दिसायला लागला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. मोतीबिंदूमुळे तिला आता फार दिसत नसे, म्हणून तिने कडेवरून बोट फिरवलं. सगळा जन्म तिने काजंच केली होती. बोटाला बरोबर कळलं.

"हे ब्लेडने कापलेलं नाही," ती म्हणाली. "हे काज आहे. आणि माझं नाही."

मास्तरांची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. उंटाने डोळे उघडले. आत्या, राहू दे ते, तो म्हणाला, टाकून दे. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती भावाकडे बघत होती. आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते तिला मोतीबिंदूतूनही दिसलं असावं.

"दादा," ती म्हणाली, "मी पोराला रोज बोलले. रोज बोलले रे मी त्याला."

तिने तो तुकडा भावाच्या पुढ्यात ठेवला आणि आत निघून गेली. नंतर आतून काही आवाज आला नाही. भांड्यांचासुद्धा नाही. मास्तरांनी चप्पल घातली. मागून उंट बाबा, बाबा म्हणत होता. त्यांनी वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहिलं असतं तर ते गेले नसते.

तळावर पडदेवाले, मुकादम आणि डॉक्टरीणबाई चहा पीत बसले होते. मास्तरांनी तो तुकडा मधल्या टेबलावर पसरला आणि सांगितलं. भोक मी केलं. शपथ मी घातली. मुलगा नको म्हणत होता. सांगताना त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला माप वाचून दाखवावं तसा येत होता आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. मुकादमाने कप खाली ठेवला.

"मग इस्पितळात का नाही बोललात?"

"भ्यालो," मास्तर म्हणाले.

मुकादम उठून बाहेर गेला. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा उचलला, घडी केली आणि टेबलाच्या खणात ठेवला. यापुढे प्रत्येक कनात दुकानाबाहेर पडण्याआधी अंधारात दिवा लावून तपासायची, म्हणाल्या. मास्तर दचकले. काम अजून माझ्याकडेच आहे का, त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती आणि रागही फारसा नव्हता. शिवणारं दुसरं कुणी नाही, त्या म्हणाल्या.

परतताना मास्तरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. आता पोरं येतील. आजच येतील कदाचित. उंटाच्या खाटेभोवती पुन्हा दंगा होईल, आत्या त्यांना हाकलेल. दुकानात शिरता शिरताच त्यांनी मुलाला सगळं सांगून टाकलं.

उंट ऐकत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "दिवसभर छताकडे बघत पडतो मी. हगल्यामुतल्याचं आत्या करते. माझ्याकडे एकच गोष्ट होती, बाबा. सकाळी जाग आली की वाटायचं, चला, निदान बापाला वाचवलं. एक काम तरी धड केलं आपण. तेवढंही काढून घेतलंत."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. उंटाने मान भिंतीकडे वळवली.

पोरं आली नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आधी रागाने येत नव्हती, आता शरमेने. जे बोलून बसली होती ते घेऊन खाटेसमोर कसं उभं राहायचं, हे त्यांना कळत नसावं. एका संध्याकाळी ट्रक दुकानासमोर सावकाश झाला. हॉर्न वाजला, जेमतेम, चुकून हात लागल्यासारखा. मास्तर मशीनवरून अर्धे उठले. उंटाने मान वळवली नाही, आणि ट्रक पुढे गेला.

कनाती शिवून झाल्या. तपासणीच्या दिवशी भरदुपारी मास्तरांनी दुकानाचं दार लावलं, खिडकीवर घोंगडी टाकली, आणि अंधाऱ्या गल्लीची नवी भिंत दुकानाच्या मधोमध आडवी टांगली. एकाने मागून दिवा घेऊन प्रत्येक शिवणीवरून जायचं आणि दुसऱ्याने अलीकडून उजेड दिसतो का बघायचं. आत्याच्या डोळ्यांचा उपयोग नव्हता. मुलाला विचारायची मास्तरांची छाती होईना. ते दिवा हातात धरून नुसतेच उभे राहिले.

आत्यानेच काही न बोलता खाट फिरवली, उंटाचं तोंड कापडाकडे केलं, त्याच्या पाठीमागे उशा लावल्या आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली. ती हल्ली त्याच्याशी मऊ बोलायची. उंटाला ते आधीच्या तिखट बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मास्तर कापडाच्या मागे गेले. त्यांनी दिवा पहिल्या शिवणीला टेकवला.

"दिसतंय का?"

मास्तर थांबले. मग पलीकडून आवाज आला, किती तरी दिवसांनी.

"पुढे सरका, बाबा."

ते सरकले. एकेक टीप, एकेक जोड. दिसतंय का? नाही. सरका. दिसतंय का? नाही. दोघांत तेवढंच बोलणं चाललं होतं, आणि तेवढ्यावरही मास्तरांचा जीव थोडा खाली बसत होता.

मग ते त्या जागेशी आले. कापड नवं होतं, कोरं होतं, तिथे काहीही केलेलं नव्हतं. तरी त्यांचा हात आपोआप वर गेला, त्याच उंचीवर, मुलगा उभा असताना त्याचे डोळे यायचे तिथे. दिवा तिथे थांबला.

"आता?"

पलीकडे काही हललं नाही. मास्तरांनी दिवा दोन्ही हातांनी धरला.

"नीट बघ," मास्तर म्हणाले.

"काही दिसत नाही, बाबा."

आणि नंतर एक आवाज आला, दबलेला, तुटक. मुलगा रडतोय, की पडून पडून आखडलेल्या छातीतून श्वासच तसा येतोय, ते मास्तरांना कळेना. कान कापडाला लावूनही कळेना. बघायला मधे फट नव्हती.

त्यांनी दिवा पुढच्या शिवणीवर नेला.